प्रेसवर दीड बोट गेलं : दवाखान्याचं बिल, डब्ल्यूसी पॉलिसी की ईएसआय?

जमाखर्च | ३ डिसेंबर २०२५

भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपचे हिशेब मी पाहतो. प्रश्न नेमका आहे, म्हणून माहितीही नेमकी देतो.

९ सप्टेंबर २०२५ रोजी पॉवर प्रेसवर (पत्रा साच्यात दाबणारं यंत्र) एका ऑपरेटरचा उजवा हात डायमध्ये सापडला. तर्जनीची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं एक पेर गेलं. वय ३० पूर्ण. मागच्या बारा महिन्यांची ओव्हरटाइम धरून सरासरी १८,००० रुपये महिना. डॉक्टरांनी ८ आठवडे विश्रांती सांगितली होती, ४ नोव्हेंबरपासून तो कामावर आहे, पण प्रेसवर नाही, पॅकिंगला.

खाजगी रुग्णालयाचं बिल १,८६,४०० झालं. मालकांनी १ लाख भरले, उरलेले ८६,४०० कामगाराने नातेवाइकांकडून घेऊन भरले. विश्रांतीच्या काळात त्याला १२,००० दिले, व्हाउचरवर 'उचल' असं लिहिलं आहे.

मस्टरवर ८ नावं आहेत, त्यात मालकांचा पुतण्या पगारावर. एकूण पगार महिन्याला १,३६,०००. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नाही. डब्ल्यूसी पॉलिसी (कामावरच्या इजेच्या भरपाईसाठी मालकाने काढलेला विमा) आहे : ८ माणसं, प्रत्येकी १०,००० पगार दाखवलेला, औषधोपचाराचं जादा कव्हर माणशी २५,०००.

मालकांचं म्हणणं असं की १ लाख भरले, १२,००० दिले, आता ७५,००० देऊन ५०० रुपयांच्या स्टँपवर 'सर्व मिळाले, तक्रार नाही' असं लिहून घेऊ आणि विषय संपवू. शिवाय गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून यंत्राला लावलेलं आवरण) कामगाराने स्वतःच काढला होता, असंही ते म्हणतात. हे कायद्यात बसतं का? रक्कम किती होते?

---

श्रमकोर्ट | ३ डिसेंबर २०२५

बसत नाही. स्टँपपेपर १०० चा असो की ५०० चा, कामगाराने हक्क सोडला असं लिहून घेतलेला करार कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या कलम १७ खाली रद्दबातल ठरतो. रक्कम आपसात ठरवता येते, पण त्या समझोत्याचं निवेदन आयुक्तांकडे (या कायद्याखालचे दावे चालवणारे अधिकारी) पाठवून नोंदवावं लागतं (कलम २८). रक्कम अपुरी आहे किंवा दबावाने ठरली आहे असं दिसलं तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदवलंच नाही, तर मालकाला कायद्याने होणारी पूर्ण रक्कम द्यावी लागते. आज ७५,००० घेऊन सही केलेला माणूस ८ सप्टेंबर २०२७ पर्यंत कधीही दावा लावू शकतो, कारण मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे. आणि तो भोसरीतच लावावा लागेल असंही नाही, तो राहतो त्या भागातल्या आयुक्तांकडेही लावता येतो.

तुमच्या हिशेबात तीन वेगळ्या देण्यांची सरमिसळ झाली आहे. ती आधी सोडवू.

पहिलं, दवाखाना. २००९ च्या दुरुस्तीने कलम ४(२अ) आलं (१८ जानेवारी २०१० पासून लागू). कामावरच्या दुखापतीच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा. त्याला कमाल मर्यादा नाही. म्हणजे कामगाराने भरलेले ८६,४०० त्याला परत मिळायला हवेत. पुढची फिजिओथेरपी, ड्रेसिंग, टोकाला हाड टोचत असेल तर होणारी दुसरी शस्त्रक्रिया, हेही त्यातच, फक्त बिलं हवीत. आणि मालकांनी भरलेला १ लाख नुकसानभरपाईतून वजा होत नाही. कलम ४(२) खालच्या स्पष्टीकरणात हे सरळ लिहिलं आहे : उपचारासाठी दिलेले पैसे नुकसानभरपाई म्हणून दिले असं धरायचं नाही. सगळ्यात जास्त वाद याच एका वाक्याच्या अज्ञानातून होतात.

दुसरं, विश्रांतीचा काळ. तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के. वेतन जास्तीत जास्त १५,००० धरायचं (३ जानेवारी २०२० पासूनची मर्यादा, त्याआधी ८,००० होती). म्हणजे पंधरवड्याला ३,७५०, दिवसाला २५०. अपंगत्व २८ दिवस किंवा जास्त टिकलं की पहिल्या दिवसापासून धरतात, तीन दिवसांची प्रतीक्षा वगळत नाहीत. ५६ दिवसांचे १४,००० झाले.

तिसरं आणि मोठं, कायमचं अंशतः अपंगत्व. परिशिष्ट १, भाग २ मध्ये तर्जनीच्या दोन पेरांना ११ टक्के आणि मधल्या बोटाच्या एका पेराला ७ टक्के आहेत. एकाच अपघातातल्या दुखापतींची बेरीज होते, १८ टक्के. आता गणित : १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००. वय ३० चा परिशिष्ट ४ मधला गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. तिचे १८ टक्के ३,३६,९२८ रुपये.

विश्रांतीच्या काळात नुकसानभरपाई म्हणून दिलेली रक्कम या एकरकमीतून वळती होऊ शकते. पण 'उचल' लिहिलेली रक्कम नुकसानभरपाई नव्हे, ते कर्ज झालं. मालकांना ते १२,००० भरपाईत धरायचे असतील तर कामगाराला समजावून, त्याच्या संमतीने नवं व्हाउचर करा आणि पगारातून उचल कापू नका. दोन्ही बाजूंनी वसूल करणं फसवणूक होईल.

१८ टक्के हा आकडा किमान समजा. सही करता येत नाही, प्रेसवर परत जाता येत नाही, ती मजुरीच बंद झाली, असं कामगाराच्या वकिलांनी पुराव्यानिशी दाखवलं तर आयुक्त कमाईच्या क्षमतेचं नुकसान जास्त धरू शकतात. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वर गेलेल्या सुताराचं नुकसान पूर्ण १०० टक्के धरलं होतं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेचं नुकसान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घेताना 'कोणतं पेर कुठून गेलं' हे एक्स-रेसह लिहून घ्या.

गार्डबद्दल : 'कामगाराचा निष्काळजीपणा' हा या कायद्यात बचाव नाही. बचाव आहे तो हेतुपुरस्सर गार्ड काढल्याचा, तोही मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व नसेल तरच, आणि सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. गार्ड काय होता, तो बसवल्याची नोंद, काढू नये अशी लेखी सूचना, मेंटेनन्सचं रजिस्टर, आधी काढल्यावर दिलेली समज, हे सगळं दाखवावं लागतं. प्रत्यक्षात बहुतेक शॉपमध्ये उत्पादन वाढावं म्हणून दोन हातांच्या बटणांऐवजी पायाचं पेडल लावलेलं असतं, म्हणजे दोन्ही हात डायजवळ मोकळे. किंवा क्लचची की आणि स्प्रिंग झिजलेली असते आणि पेडल एकदा दाबलं तरी स्ट्रोक दुसऱ्यांदा खाली येतो. मशीनची अशी अवस्था उलटतपासणीत बाहेर आली की हा बचाव उभाच राहत नाही.

उशीर झालाच आहे. भरपाई देय झाल्यापासून एक महिन्यात दिली नाही तर १२ टक्के सरळ व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. देय तारीख अपघाताची धरतात, निकालाची नाही. ३,३६,९२८ वर महिन्याला ३,३६९ रुपये व्याज चढतं आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली, त्यामुळे पुढच्या अपघातांना तिचं सातवं प्रकरण. तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून वरची कलमं जुन्याच कायद्याची दिली.

---

पॉलिसीवाचक | ३ डिसेंबर २०२५

विम्याची बाजू सांगते. विमा कंपनीला लेखी कळवलं आहे का? अपघाताची सूचना 'ताबडतोब' द्यायची ही पॉलिसीची अट असते. तीन महिने गेले असतील तर आजच ईमेल करा आणि उशिराचं खरं कारण लिहा. सोबत पॉलिसीची प्रत, अपघाताचं वर्णन, एमएलसी (रुग्णालयातली वैद्यकीय-कायदेशीर) नोंद, डिस्चार्ज समरी, एक्स-रे, बारा महिन्यांचं हजेरीपत्रक आणि पगारपत्रक, वयाचा पुरावा, बिलं आणि पावत्या.

कंपनीच्या संमतीशिवाय कामगाराला रक्कम लेखी कबूल करू नका, ही दुसरी अट. पण कायदा म्हणतो की जेवढी जबाबदारी मान्य आहे तेवढी रक्कम तात्पुरती द्या. दोन्ही सांभाळायचं तर कंपनीला गणितासह पत्र द्या : 'परिशिष्टाप्रमाणे इतकी रक्कम होते, व्याज चालू आहे, सात दिवसांत संमती किंवा आक्षेप कळवा.' हे पत्र पुढे दंडाच्या मुद्द्यावर मालकाच्या उपयोगी पडतं. दंड विमा कंपनी देत नाही, तो मालकाच्या चुकीचा असतो. व्याज मिळेल की नाही हे पॉलिसीच्या शब्दांवर अवलंबून, काही पॉलिसींमध्ये ते स्पष्ट वगळलेलं असतं.

आता दुखरी जागा. प्रत्यक्ष पगार १८,००० असताना १०,००० दाखवला आहे. प्रीमियम जाहीर पगारावर ठरतो, म्हणून कंपनी प्रमाणात देण्याची अट पुढे करू शकते. १८ पैकी १० या प्रमाणात ३,३६,९२८ चे साधारण १,८७,१८० होतात. उरलेले जवळजवळ दीड लाख मालकांच्या खिशातून. कामगाराची रक्कम त्यामुळे कमी होत नाही, ते भांडण मालक आणि कंपनीमधलं आहे. पगार कमी दाखवून वर्षाला वाचतात ते काही हजार.

औषधोपचाराचं २५,००० चं जादा कव्हर या बिलापुढे अगदीच तोकडं आहे. मूळ डब्ल्यूसी पॉलिसीत दवाखान्याचा खर्च येत नाही, तो जादा हप्ता भरून घ्यावा लागतो, आणि एजंट लोक सर्वांत लहान मर्यादा टाकून मोकळे होतात. हाताची सूक्ष्म शस्त्रक्रिया असणाऱ्या धंद्यात, म्हणजे प्रेस, शिअरिंग, मोल्डिंग, लाकूडकाम, माणशी २ लाखांच्या खाली घेऊ नका.

नूतनीकरणाच्या वेळी चार गोष्टी तपासा : ओव्हरटाइमसह खरा पगार, कामाचं खरं वर्गीकरण (प्रेस ऑपरेटरला 'हेल्पर' लिहू नका), ठेकेदाराची माणसं, आणि अ‍ॅप्रेंटिस. ठेकेदाराच्या माणसाला तुमच्या आवारात तुमच्या कामात इजा झाली तर पहिली जबाबदारी तुमची, नंतर तुम्ही ठेकेदाराकडून वसूल करा. त्यांची नावं नसतील तर पॉलिसीचा उपयोग नाही. अ‍ॅप्रेंटिसलाही कामावरच्या दुखापतीची भरपाई द्यावी लागते.

कामावर येता-जातानाचे अपघातही डोक्यात ठेवा. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला येताना रस्त्यात दगावला. उच्च न्यायालयाने भरपाई नाकारली होती, २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली. घर ते काम हा प्रवास, वेळ आणि जागा यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामाचाच भाग. नव्या संहितेतही ही तरतूद आहे.

---

मस्टर | ४ डिसेंबर २०२५

वरचं सगळं बरोबर, पण एका प्रश्नाच्या उत्तरावर ते लागू होणार की नाही हे ठरेल. ९ सप्टेंबरच्या आधीच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी तरी आवारात एकूण १० माणसं होती का? ठेकेदाराची धरून?

बऱ्याच लोकांची समजूत अशी की महाराष्ट्रात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला २० माणसांपर्यंत कारखाना कायदा लागत नाही, म्हणजे ईएसआयही लागत नाही. कारखाना कायद्याचा आकडा २०१५ च्या राज्य दुरुस्तीने २० झाला हे खरं. ईएसआय कायद्याची स्वतःची व्याख्या आहे आणि तिथे १० आहे, मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी. पगारी नातेवाईक मोजायचा. २१,००० च्या वर पगार असलेलाही मोजायचा, त्याची वर्गणी नसते पण डोकं मोजलं जातं. मालक स्वतः मोजायचा नाही. आणि एकदा लागू झाला की नंतर माणसं कमी झाली तरी सुटका नाही.

हे महत्त्वाचं अशासाठी की ईएसआय कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे विमाधारक कामगाराला नुकसानभरपाई कायद्याखाली दावा करता येत नाही. आणि 'विमाधारक' म्हणजे ज्याच्यासाठी वर्गणी भरली किंवा भरणं देय होतं तो. नोंदणी केली नाही म्हणून व्याख्या बदलत नाही. ईएसआय लागू असेल तर डब्ल्यूसी पॉलिसीवाले म्हणतील की आमची जबाबदारी १९२३ च्या कायद्याखालची, ती इथे उद्भवतच नाही.

---

जमाखर्च | ४ डिसेंबर २०२५

मस्टर आणि ठेकेदाराची बिलं काढली. १० ते २८ फेब्रुवारी २०२५ या काळात डिबरिंगसाठी (धातूच्या कडा घासून साफ करायला) ठेकेदाराची दोन माणसं आवारात होती. ८ अधिक २, दहा होतात.

मालक म्हणतात, स्प्री योजनेत (ईएसआय नोंदणीसाठीची सवलत योजना) ३१ डिसेंबरच्या आत नोंदणी करू, मागचं काही विचारत नाहीत. चालेल का?

---

मस्टर | ५ डिसेंबर २०२५

इथेच थांबा. स्प्री २०२५ मध्ये (१ जुलै ते ३१ डिसेंबर) मालक जी तारीख जाहीर करेल ती नोंदणीची तारीख, मागची वर्गणी नाही, मागची तपासणी नाही. पण त्याच वाक्याचा दुसरा भाग असा आहे की त्याआधीच्या काळाचा लाभही नाही. डिसेंबरची तारीख टाकली तर ९ सप्टेंबरला जखमी झालेल्या या माणसाला ईएसआयसी (ईएसआय चालवणारं महामंडळ) काही देणार नाही, आणि विमा कंपनी फेब्रुवारीचं मस्टर दाखवून हात वर करेल. दोन्ही दारं बंद झालेला कामगार मग कोर्टात मालकाला धरेल, आणि ते योग्यच होईल.

सरळ मार्ग असा. पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी करताना लागू होण्याची तारीख १० फेब्रुवारी २०२५ टाका. सगळ्या पात्र कामगारांच्या खऱ्या रुजू-तारखा टाका. त्या दिवसापासूनची वर्गणी भरा : मालकाची ३.२५ टक्के, कामगाराची ०.७५ टक्के, मिळून ४. तुमच्या १,३६,००० पगारावर महिन्याला ५,४४०, फेब्रुवारी ते नोव्हेंबर ढोबळमानाने ५४,४००. ठेकेदाराच्या दोघांचे तीन आठवडे वेगळे. त्यावर १२ टक्के व्याज, आणि उशिराचा दंड वेगळा लागेल. मागच्या महिन्यांचा कामगारांचा हिस्सा आता त्यांच्या पगारातून कापता येत नाही, तो मालकांनीच सोसायचा.

त्याबरोबर अपघात नोंदवही, म्हणजे नमुना ११, आणि अपघात अहवाल, नमुना १२. अहवाल लगेच द्यायचा असतो, तो आता उशिराच जाईल, पण जाऊ द्या. सोबत एमएलसी, डिस्चार्ज समरी, सप्टेंबरचं हजेरीपत्रक, पगार दिल्याचा बँकेचा पुरावा, दोन साक्षीदारांचे जबाब. अपघातानंतर नोंदवलेल्या प्रकरणाची शाखा कार्यालय कसून चौकशी करतं, आणि करावीच, कारण खोटी माणसं मागाहून घुसवण्याचे प्रकार होतात. मूळ कागद शाबूत ठेवा, मस्टरची नवी 'स्वच्छ' प्रत बनवू नका. शाई आणि सह्या सगळं सांगतात.

वर्गणी भरली नसल्यामुळे कामगाराचा लाभ अडू नये म्हणून ईएसआय कायद्याचं कलम ६८ आहे : महामंडळ कामगाराला लाभ देतं आणि मालकाकडून वसूल करू शकतं. म्हणजे मालकांना काही रक्कम लागेलच, पण कामगार वाऱ्यावर पडत नाही.

कामावरच्या इजेला ईएसआयमध्ये वर्गणीची अट नसते, रुजू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून हक्क. विश्रांतीच्या काळात सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के. ६०० रुपये रोज धरला तर ५४०, म्हणजे ५६ दिवसांचे ३०,२४०. नुकसानभरपाई कायद्यात १४,००० होत होते, फरक पाहा. मग वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं. १८ टक्के ठरली तर ५४० चे १८ टक्के, रोज ९७ रुपये २० पैसे, महिन्याला साधारण २,९१६, आयुष्यभर. एकरकमी ३,३६,९२८ इतकी रक्कम साडेनऊ वर्षांच्या आसपास भरून निघते, आणि हा माणूस तिशीचा आहे. हातात पैसा येऊन सावकाराकडे किंवा लग्नात जाण्यापेक्षा दरमहा खात्यात येणं मला जास्त मोलाचं वाटतं. मंडळाचा आकडा पटला नाही तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालय आहे, पण मंडळापुढे जाताना एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची टिपणं घेऊन गेलं तर निम्मे वाद होतच नाहीत.

---

श्रमकोर्ट | ५ डिसेंबर २०२५

मस्टर यांच्याशी सहमत. फेब्रुवारीची माहिती पहिल्या पोस्टमध्ये असती तर माझं उत्तर तिथूनच सुरू झालं असतं. एकच भर : ईएसआयसीकडून लेखी निर्णय येईपर्यंत विमा कंपनीला दिलेली सूचना मागे घेऊ नका. महामंडळाने 'हे आस्थापन त्या तारखेला लागू नव्हतं' असं म्हटलं तर १९२३ चा कायदा पुन्हा जागा होतो, आणि मग दोन वर्षांची मुदत कामगाराने सांभाळलेली असली पाहिजे. त्याला हे सांगा. त्याच्या बाजूनेही वकील असू द्या, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळतो.

---

रुग्णसेवा | ६ डिसेंबर २०२५

बिल मुळातच कमी कसं झालं असतं याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. पुढच्या वेळी रुग्णवाहिकेत बसतानाच तीन प्रश्न डोक्यात हवेत.

ईएसआय असेल तर जवळचं रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरला आहे. हाताची नाजूक शस्त्रक्रिया तिथे होत नसेल तर ते संलग्न रुग्णालयात पाठवतात, चिठ्ठीशिवाय परस्पर गेलात तर बिल अडकतं. जीव किंवा अवयव वाचवायला जवळच्या खाजगी रुग्णालयात नेलं तर खर्च परत मागता येतो, पण तो सीजीएचएसच्या (केंद्र सरकारची आरोग्य योजना) दराने मिळतो, छापील बिलाइतका नाही.

ईएसआय नसेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाख. दोन अटी लोकांना माहीत नसतात : रुग्णालय योजनेतलं हवं, आणि योजना रोकडविरहित आहे. पैसे भरून घरी आल्यावर परत मिळत नाहीत. म्हणून दाखल करतानाच आरोग्यमित्राला (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) गाठायचं, शिधापत्रिका आणि आधार मागवून घ्यायचं. हेल्पलाइन १५५३८८.

तिसरं, धर्मादाय रुग्णालय. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत निर्धन, ३,६०,००० पर्यंत दुर्बल. महिना १८,००० म्हणजे वर्षाला २,१६,०००, घरात दुसरी मोठी कमाई नसेल तर हा कामगार निम्म्या दरात बसत होता. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं, तेही अंतिम बिल निघायच्या आत. दुसरी शस्त्रक्रिया लागली तर हे आताच करून ठेवा.

पण एक गैरसमज नको. सरकारी योजनेतून उपचार झाला म्हणून बोटाची भरपाई टळत नाही, फक्त खर्चाचा प्रश्न हलका होतो. आणि २० रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विम्यात बोटं येत नाहीत. तिथे एक हात, एक पाय किंवा एक डोळा पूर्ण गेला तर १ लाख, दोन्ही गेले किंवा मृत्यू झाला तर २ लाख. काही मालक तो काढून 'विमा आहे' असं सांगतात, ते कामगाराला दिलेलं खोटं आश्वासन आहे.

---

जमाखर्च | ८ डिसेंबर २०२५

सर्वांचे आभार. मालकांशी आज बोलणं झालं. स्टँपपेपर रद्द. १० फेब्रुवारीच्या तारखेने नोंदणी करायला ते तयार आहेत. दोन प्रश्न उरतात. कामगाराने भरलेले ८६,४०० आता कोण देणार, ईएसआयसी की मालक? आणि पुढे माणसं १० च्या खाली ठेवली तर काय फायदा?

---

मस्टर | ८ डिसेंबर २०२५

८६,४०० साठी कामगाराच्या नावाने ईएसआयसीकडे परताव्याचा अर्ज करा : मूळ बिलं, पावत्या, तातडी असल्याचं डॉक्टरांचं पत्र, डिस्चार्ज समरी. दराच्या मर्यादेमुळे सगळे मिळणार नाहीत आणि वेळ लागेल. म्हणून मालकांनी आज पूर्ण रक्कम कामगाराच्या बँक खात्यात भरावी, तपशील 'उपचार खर्च परतावा' असा लिहावा, उचल नाही. नातेवाइकांचं देणं त्याच्या डोक्यावर आहे आणि नोंदणी वेळेवर न करणं ही त्याची चूक नव्हती. परतावा आल्यावर तो कोणाकडे जाईल हे दोघांनी आधी लेखी ठरवून ठेवा.

माणसं कमी ठेवण्याचा फायदा शून्य, एकदा लागलेला ईएसआय सुटत नाही. आणि जिथे खरंच दहापेक्षा कमी माणसं आहेत अशा शेजारच्या शॉपना सांगा, नव्या संहितेत मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर स्वेच्छेने ईएसआय घेता येतो. १८,००० पगारावर मालकाचे ५८५ आणि कामगाराचे १३५, महिन्याला ७२०. त्यात कामगाराचा, बायकोचा, मुलांचा आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांचा दवाखानाही येतो, नुसती बोटं नाहीत.

नोंदणी झाली की शाखा कार्यालयात नमुना १२ ची पोच घ्या आणि कामगाराला पेहचान कार्ड हातात द्या. वैद्यकीय मंडळाची तारीख त्याच्या मोबाइलवर येते, तर पोर्टलवर नंबर त्याचाच टाका, ऑफिसचा नको.